तळघरातली बसलेली हवा

माझ्या मोठ्या काकूला गल्ली ओळखायची ती तिच्या शिवणकामामुळे, आणि आम्ही घरचे ओळखायचो ते तिच्या भीतीमुळे. लिफ्टमध्ये ती पाऊल ठेवायची नाही. बस बोगद्यात शिरली की श्वास रोखून बसायची. न्हाणीघरात कुणी जरा जास्त वेळ लावला की हिची दारावर टकटक सुरू. काका तिला भित्री भागूबाई म्हणायचे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं म्हणून स्वतःच हसायचे. ती मान वर न करता मशीन चालवत राहायची.

तिचे वडील विहिरी खणायचे आणि जुन्या विहिरींतला गाळ उपसायचे. खाली उतरण्याआधी कंदील सोडून बघायची त्यांची पद्धत होती. "खाली हवा बसलेली असते," ते लेकीला सांगायचे, "ती दिसत नाही. दिवा विझला की माणूस उतरवायचा नाही." एकदा एका पडक्या विहिरीत तिचा चुलता घाईनं आधी उतरला आणि खालून ओ येईना. खाली सख्खा भाऊ होता. वडिलांनी कंदील पेटवलाच नाही. दोर धरला आणि उतरले. काकू लहान होती, त्यांचा जेवणाचा डबा घेऊन निघाली होती. ती पोहोचली तेव्हा काठावर पुष्कळ माणसं होती आणि दोघे भाऊ अजून खालीच होते. हे तिनं मला एकदाच सांगितलं, कापड बेतताना, कात्री न थांबवता.

काका बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाले आणि हातातलं स्टिअरिंग सुटल्याबरोबर माणूसच मोकाट सुटला. आधी घरातली सगळी घड्याळं उघडून झाली, मग कुंड्या झाल्या. मग त्यांचा एक जुना सहकारी गाव सोडून मुलाकडे राहायला निघाला, त्याच्याकडून घरी वाइन करायचं सगळं सामान टेम्पोत घालून घेऊन आले. काचेचे पोटफुगे बुधले, रबरी बुचं, लांबलचक नळ्या, द्राक्षं पिळायचा लाकडी पट्ट्यांचा चरक, रसातली साखर मोजायला त्यात तरंगणारा काचेचा काटा, बाटल्यांना बूच ठोकायचं लोखंडी यंत्र. हे सगळं गेलं तळघरात.

त्यांचं घर लांबट. पुढे काकूचं शटरवालं दुकान, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातल्या एका दारातून उभ्या दगडी पायऱ्या खाली तळघरात. तळघराला एकच खिडकी होती, बाहेर रस्त्याच्या पातळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या घोट्याएवढ्या उंचीला.

पहिल्या वर्षी काकांनी दोनच बुधले भरले. प्रत्येकाच्या बुचात एक वाकडी काचनळी खोचलेली आणि तिच्यात थोडं पाणी. रस आंबायला लागला की आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडायचा आणि बाहेरचं काही आत जायचं नाही. बुडुक... बुडुक... हा आवाज दुकानाच्या फरशीतून थेट शिवणयंत्राखाली ऐकू यायचा. काका तो गाण्यासारखा ऐकायचे. काकू मला हळूच म्हणाली, "खाली कुणीतरी पाण्यात बुडालंय आणि श्वास सोडतंय असं वाटतं गं."

एकदा तिनं विचारलं, "त्या नळीतून निघतं काय?"

"वायू. सोडावॉटरमध्ये असतो ना, तोच. विष नाही काही."

"मग तो जातो कुठं?"

"जातो हवेत!"

"वर जातो की खाली बसतो?"

काकांनी हात झटकला. "तू आपली कॉलर शिव," म्हणाले. पण तिनं हट्ट धरला की खिडकी कायम उघडी राहील, आणि त्यांनी ते कबूल केलं. तरी ते खाली उतरले की तिचं मशीन मंद व्हायचं. त्यांच्या पायऱ्यांवरच्या पावलांचा आवाज येईपर्यंत तिचा जीव टांगणीला असायचा. दोन वर्षं काही झालं नाही, आणि आम्ही सगळे तिची आणखी चेष्टा करू लागलो. माझे बाबा तर सर्वांत जास्त.

तिसऱ्या वर्षी काकांना कुणा ओळखीच्या मळेवाल्यानं क्रेटच्या क्रेट द्राक्षं दिली. बुधले पुरेनात. काकांनी मोठी उघडी पिंपं आणली आणि तळघर भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलं. रस असा उसळायला लागला की फुटलेली सालं फेसाबरोबर वर येऊन जाड थर व्हायचा, आणि तो दिवसातून अनेकदा लाकडी दांड्यानं खाली दाबावा लागायचा. त्यात एकदम थंडी पडली. गारठ्यानं आंबणं थांबेल म्हणून काकांनी खिडकी लावून घेतली आणि फटींत पोती कोंबली. काकूला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं काढायला लावली असती, हे त्यांना ठाऊक होतं.

सुट्टीचा दिवस होता. बाबा आणि मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मी औषधांच्या दुकानात कामाला होते, त्यामुळे असा मोकळा दिवस क्वचितच मिळायचा. काका म्हणाले, "पानं घ्या, मी सालं दाबून आलोच." त्यांनी काकूनंच शिवलेला जाड कॅनव्हासचा ॲप्रन चढवला, त्याचे पट्टे पाठीवर एकमेकांवरून आडवे जायचे. ते खाली गेले. आम्ही पानं घेतली. बाबा कुठल्यातरी शेजाऱ्याची नक्कल करत होते आणि मी हसत होते.

काकूनं दाराशी जाऊन हाक मारली. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. खालून नुसता फेसाचा सळसळाट आला, कढई गॅसवर राहून गेल्यासारखा.

"ऐकू येत नसेल," बाबा म्हणाले.

काकूनं दार पूर्ण उघडलं. मी तिच्या मागेच होते. दिव्याच्या पिवळ्या उजेडात काका पायऱ्यांवर पालथे पडलेले दिसले. डोकं वरच्या बाजूला, एक हात पुढच्या पायरीवर. वर यायला निघाले असावेत. त्यांच्या पाठीवरचे आडवे पट्टे आणि पलीकडे पोती कोंबलेली बंद खिडकी तेवढी स्पष्ट दिसत होती. माझ्या नाकात झिणझिणलं, सोड्याचा ग्लास तोंडाजवळ नेल्यावर होतं तसं.

"दादा!" बाबा ओरडले आणि धावले.

आणि काकूनं त्यांना अडवलं. अंगानं किरकोळ बाई, पण दोन्ही हातांनी चौकट धरून दारात आडवी उभी राहिली.

"भाऊजी, नाही!"

"वहिनी, बाजूला व्हा!"

"खाली हवा नाहीये! तुम्ही पण पडाल!"

"माझा भाऊ मरतोय तिथं!"

बाबांनी तिचा हात चौकटीवरून उपटला. तेव्हा ती वाकली आणि त्यांच्या मनगटाला कडकडून चावली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाबा कळवळून मागे सरले, आणि जन्मभर त्यांना 'भाऊजी, तुम्ही' म्हणणारी काकू किंचाळली, "एक पाय खाली टाकलास तर बघ! तुझ्या पोरीला मी काय सांगू?"

बाबा जागच्या जागी उभे राहिले. मनगटातून रक्त येत होतं. मला वाटलं, काकूला वेड लागलं. खाली तिचा नवरा पडलाय आणि ही वाट अडवून उभी आहे. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या तळघरापेक्षा तिची भीती वाटली.

ती मात्र पुढे स्पष्ट बोलत गेली. आवाज थरथरत होता, दात वाजत होते, पण शब्द सुटे सुटे येत होते. "पोरी, तू बाहेर जा. खिडकी फोड. दगड, वीट, मिळेल ते घे. पोती ओढून काढ. आणि अँब्युलन्स बोलाव." मला म्हणत होती. "भाऊजी, दुकानातली शटरची काठी आणा. आकड्याची."

मी धावले. कुंडीनंच खिडकीची काच फोडली. पोती ओढताना बोटं कापली, ते नंतर कळलं. फोनवर पत्ता सांगताना मला काकांच्या घराचाच पत्ता आठवेना, शेजारच्या न्हाव्यानं माझ्या हातातून फोन घेऊन सांगितला.

मी परत आत आले तेव्हा काकू वरच्या पायरीवर पालथी झोपली होती आणि बाबा तिचे पाय धरून बसले होते. शटर ओढायच्या काठीला तिनं पेटती मेणबत्ती बांधली होती आणि ती हळूहळू खाली सोडत होती. काकांच्या डोक्याशी ज्योत फडफडली, लहान झाली, पण राहिली. कंबरेपाशी गेली तशी निळी पडली. त्याखाली एकदम विझली. फुंकर नाही, वारा नाही. कुणीतरी चिमटीत धरून विझवावी तशी.

बाबांनी तिचे पाय आणखी घट्ट धरले. त्यांना तेव्हा पहिल्यांदा पटलं, असं ते पुढे सांगत.

"तोंड त्या हवेच्या वर आहे त्यांचं," काकू पुटपुटली, "तोंड वर आहे." तिनं काठी ओढून घेतली, मेणबत्ती झटकून टाकली आणि आकडा काकांच्या पाठीवर, पट्टे जिथं एकमेकांवरून जातात तिथं अडकवला. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदाही. तिच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. तिसऱ्यांदा बसला.

"ओढा!"

आम्ही तिघांनी ओढलं. बसचं स्टिअरिंग फिरवून फिरवून रुंद झालेल्या खांद्यांचा माणूस. अंग पायरीच्या कडेला अडायचं, मग धाडकन वर यायचं. कॅनव्हास करकरत होता आणि काकू एकसारखी म्हणत होती, "दुहेरी टीप आहे, धरेल, दुहेरी टीप आहे." धरली ती टीप. काकांचा हात हाताशी आला तसं बाबांनी तो पकडला आणि त्यांना स्वयंपाकघरात ओढून घेतलं. ओठ जांभळे झाले होते. श्वास होता, पण घोरल्यासारखा आणि मधेच थांबणारा. तो थांबला की आम्ही सगळे थांबायचो. त्यांना अंगणात नेलं. अँब्युलन्स येईपर्यंत काकूनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत होती.

काका वाचले. बरेच दिवस डोकं दुखायचं, बोलताना साधे शब्द सापडायचे नाहीत, चमच्याला 'ते, ते, खायचं' म्हणायचे. हळूहळू तेही गेलं. पण त्या दुपारचं त्यांना काहीच आठवेना. पहिल्या पिंपाशी वाकलो, एवढंच आठवतं, पुढे कोरं. त्यामुळे त्यांच्या मनात भीतीही उरली नाही. त्यांच्या वाट्याची भीतीही काकूच्याच पदरात पडली. ती दुकानात बसेनाशी झाली, कारण दुकानाखाली तळघर होतं. कापड शिवायला घेऊन गिऱ्हाईक आलं की अंगणात उभं राहून माप घ्यायची.

बाबांचं तिच्याकडे जाणं बंद झालं. मनगटावर दातांचे व्रण राहिले होते. आईनं विषय काढला की म्हणायचे, "बरोबर केलं तिनं, मला कळतं. पण दादा डोळ्यांसमोर पडलेला असताना मी उभा राहिलो, हे कसं विसरू? तिनं मला उभं केलं." राग तिच्यावर होता की स्वतःवर, हे त्यांनाच सांगता येत नव्हतं.

काकांनी पुन्हा वाइनचा विषय काढला तेव्हा काकू भांडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती भांडली नाही. तिनं गवंडी बोलावला आणि तळघराचं दार विटांनी बंद करून घेतलं. शेवटची वीट बसेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग काकांना म्हणाली, "अंगणात करा. चार खांब आणि वर पत्रा. भिंत एकही नको. हवा खाली बसली तर वाहून जाऊ दे."

काकांनी खांब रोवले. पत्रा घातला.

पुढच्या हंगामात द्राक्षं आली तेव्हा बाबा आपणहून गेले. चरकाचा दांडा एकट्या काकांना फिरवेना, म्हणून निमित्त झालं. दोघे भाऊ बाह्या सरसावून दांडा ओढत होते. काकूनं पाणी आणून दिलं. बाबांनी पेला घेतला, तेव्हा बाही वर गेलेली होती आणि व्रण दिसत होते. तिची नजर तिथं गेली.

"वहिनी," बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "आणि दादा गेला असता तर?"

काकूनं पदराला हात पुसले.

"तर तुम्ही मला जन्मभर बोल लावला असता," ती म्हणाली, "आणि मी ऐकून घेतलं असतं. पण तुम्ही असता, बोल लावायला."

बाबांनी पेला रिकामा केला आणि पुन्हा दांड्याला लागले. त्यानंतर ते दर आठवड्याला जाऊ लागले. चेष्टा मात्र कधी केली नाही.

काकू वाइन पीत नाही. तिनं मशीन अंगणाकडच्या खोलीत हलवलंय, खिडकीसमोर. तिथून पत्र्याखालचे बुधले दिसतात, काका दिसतात. मोकळी हवा आहे, वारा आहे, काही होणार नाही, हे तिला कळतं. तरी ते पिंपावर वाकले की तिचं मशीन थांबतं. मग काका वर न बघता, कोपरापर्यंत रसात बुडलेले, ओरडतात, "आहे गं, आहे!"

आणि मशीन पुन्हा सुरू होतं.