काही आपत्ती नाही

देवासात आमचं घर पागेच्या मैदानाला लागून होतं. पागा म्हणजे संस्थानाचे घोडे बांधायची जागा. मी धारहून लग्न होऊन आले तेव्हा घोडे गेलेले होते. नुसतं मैदान आणि एका अंगाला पडके तबेले उरले होते. आमची माणसं जीनगर, मराठ्यांच्या घोड्यांबरोबर इकडे आलेली. खोगिरं, लगाम, पट्टे शिवायची. संस्थान विलीन झालं, घोडे विकले गेले आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसून शाळेची दप्तरं आणि फुटबॉल शिवू लागले. संध्याकाळी मैदानावर पोरं खेळत. चेंडू फाटला की तिथूनच ओरडत, "काकासाब, सुई तैयार रखना." ओसरी मैदानाकडे उघडी होती, म्हणून काम आपल्या पायांनी चालत यायचं. आमचं घर त्या ओसरीवर चालत होतं.

हे छापखान्यात खिळे जुळवायला जात. एका संध्याकाळी ह्यांनीच बातमी आणली की मैदानावर स्टेडियम होणार. बसायला पक्क्या पायऱ्या, पायऱ्यांच्या खाली दुकानं, पुढे रुंद रस्ता, विजेचे खांब. आमचं गाव दोन राज्यांचं, थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं. दोघांच्या भांडणात गावाचा मध्य ओस पडला, असं सभेत कोणी साहेब म्हणाले होते. स्टेडियम झालं की माणसं येतील, माणसांमागे बाजार येईल आणि जुना भाग आपोआप सुधारेल.

मामंजी फार खूश झाले. "म्हणजे चेंडू वाढणार," म्हणाले.

"आणि पायऱ्यांवर बसलेली माणसं दिवसभर तुम्हालाच बघणार," आत्याबाई म्हणाल्या. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. "जरा धोतर नीट नेसत जा."

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, कचेरीतला एक बाबू दारोदार फिरत आला. ग्वाल्हेरकडचा होता, तरुण, बोलायला फार गोड. मामंजी चामडं आणायला गेले होते, हे छापखान्यात. आत्याबाई दाराआड उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागे. परक्या पुरुषासमोर आमच्याकडे बायका जात नसत. आत्याबाईंना तर शेजारच्या पुरुषांनीही तोंडानं ओळखलं नसतं. दाराच्या फटीतून दिसणारा पदर, एवढीच त्यांची ओळख.

बाबू म्हणाला, "माताजी, यहाँ स्टेडियम बनेगा. आपको कोई आपत्ति तो नहीं?"

आत्याबाईंनी हात जोडले. दाराआडून त्याला दिसले नसतील, पण जोडले. "नाही रे बाबा. देवीच्या कृपेनं काही आपत्ती नाही. येऊ पण नये."

"तो लिख दूँ, कोई आपत्ति नहीं?"

"लिही, लिही. सगळं बरं आहे."

त्यांनी मला गूळपाणी बाहेर ठेवायला सांगितलं. बाबू पाणी प्यायला, 'धन्यवाद माताजी' म्हणाला आणि पुढच्या दारी गेला. आत्याबाई किती तरी वेळ कौतुक करत होत्या. "राज्य होतं तेव्हा कोणी विचारलं का, की बायांनो, तुमच्यावर काही संकट नाही ना? आता बघ, दारोदार माणूस पाठवतात."

मलाही ते खरंच वाटलं. मी धारला मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. आपत्ती हा शब्द मला लिहिता येत होता आणि त्याचा अर्थही येत होता. पूर येतो, आग लागते, घरचा कर्ता जातो, ती आपत्ती. दुसरा अर्थ मी कधी ऐकलेला नव्हता. आमच्या ओळीत टोकाचं एक सोडून सगळी दक्षिणी, म्हणजे मराठी घरं. त्या सगळ्या घरांतून तेच उत्तर गेलं. एकीनं तर म्हणे बाबूलाच आशीर्वाद दिला, तुझ्यावरही कधी न येवो.

ओळीच्या टोकाला एक माळवी गवळण राहायची. घर म्हणजे दोन खोल्या आणि गायींचा गोठा. ती कोणाला भीत नसे. तिनं बाबूला तिथेच थांबवलं. "यो आपत्ति कई वे, भिया? समझा के बोल."

त्यानं समजावलं. आम्हाला त्याचा आवाज ऐकू आला नाही, पण तिचा आला. "तो म्हारे हे. घणी हे. लिख." आत्याबाई हसल्या. म्हणाल्या, "बिचारीवर एवढं मोठं काय संकट आलंय कोण जाणे. गाय आटली असेल."

पावसाळा गेला. दसऱ्यानंतर एका सकाळी माणसं चुन्याची टोपली घेऊन आली आणि मैदानातून पांढरी रेघ ओढत निघाली. मामंजी ओसरीवरून बघत होते. त्यांना वाटलं, धावायच्या शर्यतीची रेघ असेल. रेघ सरळ आमच्याकडे आली. ओसरीवर चढली. माणूस वाकून मामंजींना म्हणाला, "काका, जरा पाँव हटाना." त्यांनी पाय घेतला. चुन्याची पांढरी रेघ त्यांच्या चामड्याच्या तुकड्यांमधून गेली, उंबऱ्यापर्यंत आली आणि मग तो माणूस घराला वळसा घालून मागच्या अंगणात आला. रेघ तिथून पुढे सुरू झाली. मधलं घर नुसतं वगळलेलं होतं, जणू ते नव्हतंच. मी अंगणात भांडी घासत होते. राखेच्या हातांनी तशीच बसून राहिले. चुन्याचा वास अजून आठवतो.

त्या दिवशी हे लवकर आले. आधी कचेरीत जाऊन आले होते. घरात येऊन खालीच बसले आणि आईला विचारलं, "बाबू आला होता तेव्हा तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? आपत्ती नाही म्हटलं."

ह्यांनी डोळे मिटले. छापखान्यात हिंदी नोटिसा जुळवत, त्यामुळे ह्यांना ठाऊक होतं. "आई, हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. तुमची हरकत आहे का, असं त्यानं विचारलं. सगळ्या ओळीनं नाही म्हणून सांगितलं."

मामंजींच्या हातात सुई होती, ती त्यांनी मेणात टोचून ठेवली. संस्थानात अशा वेळी हरकत म्हणत, उजर म्हणत. हा नवा शब्द नव्या राज्याबरोबर आला होता आणि आम्हाला वाटलं, हा तर आपलाच.

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या पाटावर बसल्या होत्या. त्यांचं तोंड इतकं पांढरं मी पुढेही कधी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबू रेघ तपासायला आला. हे त्याच्याशी बोलायला बाहेर जाणार, तेवढ्यात आत्याबाई उठल्या. पदर डोक्यावरून घेतला आणि दार पूर्ण उघडून ओसरीवर जाऊन उभ्या राहिल्या. दिवसाउजेडी, परक्या माणसासमोर, तोंड उघडं. मामंजी अर्धे उठून तसेच राहिले.

"आमची हरकत आहे," आत्याबाई म्हणाल्या.

बाबूला कळेना. "हरकत? किसने की हरकत, माताजी?" बरोबरचा एक जण हसला. म्हणाला, "साहब, लगता है काका ने कुछ हरकत कर दी."

हिंदीत हरकत म्हणजे आगळीक, वात्रटपणा. हे पुढे होऊन सांगू लागले, पण आत्याबाईंनी हातानं थांबवलं. त्यांनी त्याचाच शब्द घेतला, एकेक अक्षर सुटं करून. "आपत्ती. तू विचारलंस त्या दिवशी नव्हती. आता आहे."

बाबू पण वाईट नव्हता, त्यानं मान खाली घातली. "माताजी, अब तो तारीख निकल गई. उस दिन बोल देतीं." मग हळूच म्हणाला, "आपने तो मुझे गुड़ भी खिलाया था."

घर थंडीत पाडलं. आम्हाला गावाबाहेर एक खोली दिली. सामान गाडीत चढवत होतो तेव्हा पुढची भिंत आधीच पडली होती आणि रस्त्यावरून आत सगळं दिसत होतं. देवाचा कोनाडा, मोरी, चुलीमागचा काळा डाग. जिचा चेहरा शेजाऱ्यांना ठाऊक नव्हता तिची चूल येणारे-जाणारे थांबून बघत होते. आत्याबाई गाडीत पाठ करून बसल्या. मी मात्र बघत राहिले. एवढंसं होतं आमचं घर? आत राहताना ते कधी एवढंसं वाटलं नव्हतं.

खरा धक्का मला नंतर बसला. स्टेडियमची भिंत उभी राहिली ती आमच्या ओळीतून सरळ आली, आणि टोकाला गवळणीच्या गोठ्यापाशी वाकली. तिनं हरकत लिहवली होती. तिला बोलावलं, तिचं ऐकलं, आणि भिंत तिच्या गायींना वळसा घालून गेली. म्हणजे भिंत वाकू शकत होती. तोवर मी मनाशी धरलं होतं की सरकारचं काम, काही बोललो असतो तरी झालंच असतं. ते वाकण बघितलं आणि तो आधारही गेला.

पायऱ्यांखालची दुकानं बाहेरच्या लोकांनी घेतली. मामंजी खोलीत नुसते बसून राहत. गावाबाहेर चेंडू घेऊन कोण येणार? शेवटी गवळणच एके दिवशी दूध घालायला आली आणि म्हणाली, "काकासाब, म्हारी गायाँ नी बोले, पण जगा हे. आई ने बैठो." गायी बोलायच्या नाहीत, पण येऊन बसा, असं तिचं म्हणणं.

आत्याबाई आतून बोलल्या. आता त्या दाराआडून बोलत नसत. "जगा म्हणजे जागाच ना? नीट विचारून घ्या."

"जागाच," मामंजी म्हणाले आणि सुईचा डबा शोधायला उठले. मग बरीच वर्षं ते त्या वाकणात, गोठ्याच्या सावलीत बसून चेंडू शिवत. पलीकडून पोरांचा आवाज येई. चेंडू भिंतीवरून येऊन शेणात पडे. तो धुऊन, शिवून ते परत फेकत. फेकायचा कुठे, ते त्यांना बघता येत नसे.