लाटणं नसलेलं घर

किन्हवलीचा कुंडलिक शाळांच्या भिंती रंगवतो आणि एका स्थानिक साप्ताहिकासाठी चार चौकटींची चित्रमालिका काढतो. तिच्यात नवरा-बायको भांडतात आणि चौथ्या चौकटीत बायको लाटणं फेकते. अकरा वर्षं लाटणंच. गेल्या महिन्यात संपादकबाईंचा फोन आला.

"आता कोणी हसत नाही हो. या शुक्रवारी जमलं तर ठीक, नाहीतर त्या जागी राशिभविष्य टाकते."

दोन दिवस पेन्सिल चावून झाल्यावर त्याने बायकोला, सुंदराला, कागद दाखवला. ती चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होती.

"ही बाई कुठली?"

"आपल्याकडलीच."

"मंग हिनं लाटणं कुठनं आणलं? आपल्या घरात हाय?"

कुंडलिकने फळीवर नजर फिरवली. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. दोन्ही वेळा भाकरी. सणाला पुऱ्या करायच्या तर लाटणं शेजारच्या हेतलकडून येई.

"पण गो, फेकाया कायतरी पायजे ना?"

"हाताला येल ते फेकायचं. रागात माणूस शोधाया जातं काय?"

"म्हंजे कसं?"

हे त्याने तीनदा विचारलं, वर पेन्सिलीने परात वाजवली. पिठाचा गोळा आला आणि चष्म्याच्या डाव्या काचेवर बसला. कुंडलिक मागे सरला, कळशीवर आपटला, कळशी लवंडली, आणि भिजलेली कोंबडी त्याच्या डोक्यावरून ओरडत गेली.

"ही घ्या तुमची चौथी चौकट," सुंदरा म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

शुक्रवारी तेच छापून आलं. धसईच्या बाजारात भाजीवाल्या सुंदराला विचारू लागल्या, "नेम कुठं शिकलीस गो?" संपादकबाईंनी राशिभविष्य बाजूला ठेवलं आणि पुढचं चित्र मागितलं.

पुढच्या गुरुवारी कुंडलिकने मुद्दाम कुरापत काढली.

"कालवण खारट झालंय."

"असंल हो."

"तुझा भाऊ आळशी हाय."

"खरं हाय तुमचं."

दुपार टळली, कागद कोराच. शेवटी त्याने हात जोडले. "सुंदरा, भांड गो जरा!"

"पडवीचा पत्रा कवापासून फुटलाय. आधी तो बदला."

कुंडलिक शिडी लावून वर चढला. तासाभराने ओरडला, "बसवला गो!"

खाली सुंदराने शिडी उचलून अंगणापार नेली, कंबरेवर हात ठेवले आणि वर पाहिलं.

"आता बोला. माझा भाऊ काय हाय?"

कुंडलिकने कानामागची पेन्सिल काढली.