मायचा कोपरा

आमच्या घरी, पिंपळगाव राजात, सोफा आला तो मायच्या कंबरेसाठी. कापूस वेचून वेचून तिची कंबर कामातून गेली होती. खाली बसली की उठताना भिंत धरायची. बाबा खामगावला जाऊन दुकानातले स्प्रिंगांचे सोफे पाहून आले, भाव ऐकून हात हलवत परतले. पण एकदा मनावर घेतलं की घेतलं. गोठ्याचे जुने सागवानी वासे काढून त्यांनी गावातल्या सुताराकडून सांगाडा करवून घेतला आणि गाद्यांत घरचाच, पहिल्या वेच्याचा कापूस पिंजून भरला. "स्प्रिंगा कशाले पायजे? आपल्या कापसासारखा माल खामगावात तरी हाये का?" असं येईल त्याला ऐकवायचे. तो कापूस मायनंच वेचलेला होता.

खिडकीजवळचा कोपरा मायचा, हे बाबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. आम्ही पोरी तिथं टेकलो तर डोळे वटारायचे. माय मात्र त्या कोपऱ्याशी खाली सतरंजीवर बसायची, सोफ्याला पाठ लावून. घरात आजोबा होते, आणि सासऱ्यासमोर सून वर बसत नसे.

"बस ना वं वर," बाबा म्हणायचे.

"बसीन ना. सोफा काय पळून चालला?"

आजोबा गेले. मग बहिणींची लग्नं झाली. जावयांसमोर वर कसं बसायचं? मग व्याही आले. सोफ्यावर सारं गाव बसून गेलं. कापूसच तो, दबून दबून गाद्या पाटासारख्या टणक झाल्या. बाबांच्या त्या मालाची आम्ही फार थट्टा करायचो.

शेवटच्या आजारात माय अगदी हलकी झाली होती. एका दुपारी बाबांनी आणि मी तिला दोन्हीकडून धरून कोपऱ्याशी नेलं. ती टेकणार, तोच भेटायला आलेली मंडळी दारात उभी. मायनं डोक्यावर पदर ओढला आणि आमच्या हातांतून सरकत खाली सतरंजीवर बसली. मला त्या माणसांचा आजही राग येतो. बिचारे तिलाच पाहायला आले होते. त्यानंतर माय अंथरुणातून उठली नाही.

वर्षश्राद्धाला पाहुणे येणार म्हणून बाबांनी पिंजारी बोलावला. त्यानं ओसरीत गाद्या उसवल्या.

"सारा कापूस दगड झाला, भाऊ. ह्या एका कोपऱ्यातला तेवढा नवाच्या नवा हाये. इथं कोनी बसत नव्हतं का?"

"बसनार होती," बाबा म्हणाले.

पिंजाऱ्यानं तो कापूसही ढिगात ओढायला हात घातला. बाबांनी त्याचा हात धरला.

"तो राहू दे. तसाच भर."