दादाचा पुतळा, माझं तोंड

येलदरीकडे जायचं ठरलं आणि माझी झोपच उडाली. धरणाच्या अलीकडे आमचं गाव. तिथे माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, पुतळा बसणार होता. एकाहत्तरच्या लढाईत जखमी साथीदारांना पाठीवरून आणता आणता दादा गेला; शौर्यपदक मागून आलं. त्याचा एकुलता एक फोटो गळक्या पत्र्याखाली पार पुसून गेला. म्हणून मूर्तिकाराने मलाच समोर बसवलं. म्हणाला, "सख्खे भाऊ, चेहरा जुळणारच." मी बसलो खरा, पण घरचा गॅस बंद केला की नाही, हेच डोक्यात. आता भीती एकच: पडदा सरला आणि वहिनी म्हणाल्या, हे माझे मालक नव्हेत, तर?

परभणीहून सकाळची जिंतूरची एसटी बरी. पंचाहत्तरीपुढे तिकीट नाही, पण आधार कार्ड हाताशी ठेवा. मी पिशवी उपसत बसलो तर कंडक्टर म्हणाला, "राहू द्या बाबा, तोंडावरच दिसायलंय वय." जिंतूरला स्टँडसमोर गरम भजी मिळतात, मी तेलाचा रंग बघून नुसता चहा घेतला. पुढे शेअर ऑटो. रस्ता ठीक आहे, ऑटोचा भरवसा नाही.

गावात मंडप होता. बुद्धवंदना झाली, पडदा सरला. फौजी टोपी, झोकदार मिशी, छातीवर पदक आणि डोळे गॅस चालू राहिलेल्या माणसाचे.

"आरं, हे तर धाकले काका हायत!" मागून कुणीतरी ओरडलं.

"जित्या माणसाला हार घालायलेत का काय?"

एका निवृत्त सुभेदारांनी पुतळ्याला सलाम ठोकला, वळले, मला बघून दचकले आणि मलाही ठोकला. घाबरून मीही ठोकला, डाव्या हाताने. आम्ही बौद्ध, अपशकुन मानत नाही. तरी त्या गळ्यात हार घालताना मी आधी स्वतःचा गळा चाचपला. सरपंच कानात म्हणाले, "काका, तुमी जरा मागं बसा. लोक पुतळा सोडून तुमालाच बघायलेत."

तेवढ्यात सुनेचा हात धरून वहिनी पुढे आल्या. पुतळ्याच्या गालावरून हात फिरवला.

"वहिनी, चुकलं," मी म्हणालो. "माझं भेदरलेलं तोंड दादाला लागलं."

"न्हाई भावजी. हेच तोंड. रजा संपली की दारात उभं राहून असंच बघायचे. लय भ्यायचे. तुमाला कुणाला दिसू दिलं न्हाई, एवढंच."

"मग जायचा कसा?"

"भीतभीतच जायचे की."

परतण्याआधी पुढे धरणावर जाऊन तळलेला मासा खाल्ला. काटे भरपूर, जपून खा. अंधारायच्या आत परतीची गाडी गाठा.

घरी येऊन आठवडा झाला. दाढी करताना आता आरशासमोर उगाच थांबतो. दादा कसा दिसायचा, हे मी केव्हाच विसरून गेलो होतो.