प्रत्येक कवितेला पासवर्ड

ठक... ठक-ठक... ठक. आमचे गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे आणि अख्खा वर्ग कविता म्हणायचा. सकाळी हजेरीला एकदा ‘हजर’ म्हटलं की दिवसभर कोणी ‘तू कोण?’ असं विचारत नसे.

आज सकाळी तो ठेका आठवला आणि डोकंच फिरलं.

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या एका ऑडिओ ग्रंथालयासाठी कविता वाचून रेकॉर्ड करतो. पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत प्रोग्रॅमिंग केलं, आता हा उद्योग.

ग्रंथालयाने नुकतंच नवं लॉगिन बसवलं... सिंगल साइन-ऑन. म्हणजे आमची साइट कॉलेजच्या सर्व्हरला विनंती पाठवते, ही मुलगी तुमचीच ना? तो हो म्हणाला की झालं, दिवसभर मोकळीक. अगदी गुरुजींची हजेरी!

आणि आज वैशालीचा फोन. यवतमाळची पोर, इथे एमए करते. कधी भेटलेलो नाही, फोनवरचीच ओळख. “आजोबा, एक कविता संपली की पासवर्ड मागून राहिलं ते. दुसरी लावली की परत! उद्या पेपर आहे ना माझा...”

कोड बघायची मला परवानगी आहे, बदलायची नाही. उघडला. अशी विनंती तयार करायला रेडीमेड कोड मिळतो, त्यालाही लायब्ररीच म्हणतात, आणि त्यात एक सेटिंग असतं: ओळख पटलेली असली तरी पासवर्ड पुन्हा विचारा. बँकेत पैसे पाठवताना ठीक आहे हो... इथे कवितेला कशाला?

हे लॉगिन बसवणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला. तर म्हणे टेस्टिंगला वेगवेगळ्या नावांनी लॉगिन करून बघायचं होतं, म्हणून ते चालू केलं... बंद करायचं राहून गेलं. “पुढच्या रिलीजला घेतो ना, काका.”

“म्हणजे पेपर झाल्यावर. वा! निकालाच्या पेढ्यांबरोबरच आणा.”

फोन आपटावासा वाटला. पण मोबाइल धड आपटताही येत नाही... तेही सुख गेलं.

एका शब्दाचा बदल आहे हो. त्या सेटिंगपुढच्या ट्रूचं फॉल्स! यांच्यापैकी एकाने, एकदाच, डोळे मिटून ती साइट वापरली असती तर पहिल्या दोन कवितांतच कळलं असतं. ती पोर कानाने एकेक अक्षर चाचपत पासवर्ड टाकते, आणि यांना रिलीजची तारीख बघायचीय.

हे सगळं इथे तावातावाने लिहीत होतो, तेवढ्यात बेल वाजली. “कोण आहे?” मी आतूनच ओरडलो.

“आवाज तोच आहे!” बाहेरून उत्तर आलं. “पण रेकॉर्डिंगमध्ये एवढे खेकसत नाही तुम्ही.”

दार उघडलं. हातात पांढरी काठी, खांद्याला सॅक... वैशाली! ग्रंथालयातल्या बाईंकडून पत्ता घेऊन रिक्षाने एकटी आली होती.

“निम्म्या कविता राहिल्या आजोबा. आता तुम्हीच वाचा,” ती चपला काढता काढता म्हणाली. “तुम्ही तर पासवर्ड नाही ना मागणार?”