गाणं बंद केल्यावर

फरशीवाल्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उभ्यानंच चहा प्यायचा, गुडघ्यांना पट्ट्या बांधायच्या, रबरी हातोडी पिशवीत टाकायची आणि निघायचं. पहिल्या ओळीला तो अर्धी सकाळ घालवायचा. ती सरळ बसली की बाकीची खोली आपोआप सरळ जाते, असं त्याचं म्हणणं.

फरशीखालचा सिमेंटचा मसाला सुकला की तो ओणवा होऊन हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी वाजवून बघायचा. खाली नीट भरलेलं असेल तर टक्क वाजायचं, पोकळ राहिलं असेल तर ढब. छाती ठोकून बघावी तसं. म्हणून कामावर सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे.

"काय डॉक्टर, पेशंट वाचेल ना?"

"तुझ्या हातात नव्हता, म्हणून वाचला."

घरी बायको आणि मुलगी. बायको शिवणकाम करायची. मुलगी नुकती अठराची झालेली. नाचायची, पण फोनसमोर. ताट वाढलं की आधी त्याचा फोटो. "आमच्याकडे आधी फोन जेवतो, मग माणसं," आई म्हणायची. व्हिडिओ टाकला की पोरीचा जीव पडद्यावरच्या आकड्यात अडकलेला. आकडा हलला नाही की तोंड एवढंसं. डॉक्टरला हे कोडंच होतं. काम बरं झालं की नाही, हे रस्त्यावरच्या माणसाला विचारायची रीत त्याच्या धंद्यात नव्हती.

एका शनिवारी संध्याकाळी त्यानं एका नव्या घराचा मोठा दिवाणखाना पुरा केला. दाराला दोरी बांधली आणि किल्ली घरी आणून खिळ्याला अडकवली. सोमवारपर्यंत तिथे कुणी पाय ठेवायचा नव्हता.

रविवारी संध्याकाळी मुलगी फोन नाचवतच आली. "बाबा, बघा ना! हजारो लोकांनी बघितलाय!"

त्यानं चष्मा लावला. पडद्यावर मुलगी गिरक्या घेत होती. मागे मोठी खिडकी, खाली चकचकीत फरशी.

"ही माझी फरशी आहे."

"म्हणून तर किल्ली घेऊन तिथे गेले! सगळे विचारताहेत, कुठली जागा म्हणून."

राग यायला हवा होता. पण आधी छाती फुगली, आणि त्याचाच त्याला राग आला.

"गाणं बंद कर."

"गाणं बंद केल्यावर काय उरलं, बाबा?"

"तिथे जे वाजलं ते उरलं."

गाणं न चढवलेला मूळचा व्हिडिओ फोनमध्ये होता, तो तिनं लावला. पोरगी गाणं कानात घालून नाचली होती, त्यामुळे खोलीत फक्त टाचा वाजत होत्या. टक्क. टक्क. टक्क. आणि खिडकीजवळच्या गिरकीला, ढब. पुन्हा ढब. आईनं शिवणयंत्र थांबवलं.

"मसाला ओला होता," तो म्हणाला. "सुटली फरशी."

मुलीचा चेहरा पडला. "पण दिसत कुठे आहे? एवढ्या लोकांनी बघितलं, एकाला तरी कळलं का?"

"मला कळलं. आता तुला कळलं. दोन माणसं कमी पडली का?"

"मग व्हिडिओ काढून टाकायला लावणार?"

"व्हिडिओ तुझा, राहू दे. फरशी माझी. ती उद्या काढायची, आणि तू यायचंस."

त्यानं तिच्यासमोरच घरमालकाला फोन लावला आणि झालं ते सांगितलं. मालक मंगळवारी सामान आणणार होता, तो भडकला. वरच्या मजल्याचं काम दुसऱ्याला देईन म्हणाला. डॉक्टर "हो, साहेब" म्हणत राहिला. मुलीला सगळं ऐकू जात होतं.

सोमवारी साडेचारला दोघांनी उभ्यानं चहा प्यायला. कोपरा न उडवता फरशी सोडवायची, खालचं खरवडायचं, पुन्हा भरायचं. पहिल्याच फरशीचा तिनं टवका उडवला.

"घाई कुणाला दाखवतेस?"

दुपारपर्यंत तिच्या तळहाताला फोड आले. सवयीनं तिनं फोन काढला आणि सिमेंटनं भरलेले हात अन् बापाची पाठ, एवढंच टाकलं. बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातली एक आई. पोरगी हसत सुटली.

"बाबा, तुमची पाठ चालत नाही हो!"

"चालत नाही म्हणूनच वाकवून ठेवलीय."

संध्याकाळी घराकडे येताना तो म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. ढब वाजली ती फरशी. तुझा ठोका एकदाही चुकला नाही."

ती चालता चालता थांबली. "पुन्हा सांगा ना."

"एकदा सांगितलं ना."

वरच्या मजल्याचं काम दुसऱ्याला गेलं ते गेलंच. दिवाणखान्याची मजुरी मात्र मालकानं कुरकुरत का होईना, दिली. ती त्यानं बाजूला ठेवली, पुढच्या कामांची तिच्यात भर घातली आणि एक दिवस सुताराला घरी बोलावून मागच्या खोलीत लाकडी फळ्या बसवून घेतल्या.

"डॉक्टर, लाकडाखाली पोकळ ठेवावं लागतं," सुतारानं बजावलं. "सगळीकडे ढबच वाजणार. चालेल ना?"

"वाजू दे. फरशीवर नाचून गुडघे जातात. घरात माझे गेलेत तेवढे पुरे."