हलू नको, फिल्म वाया जाईल!

शहाण्या माणसांना एखादी वस्तू हवी असली की ती दुकानात जातात, वस्तू घेतात आणि घरी येतात. त्यात किस्सा कुठून होणार? आम्ही मात्र एक लेन्स शोधायला निघालो आणि त्यातच वर्ष घालवलं. आता आमच्याकडे किस्से इतके साठलेत की सांगितल्याशिवाय राहवत नाही!

टोळी चौघांची. खडेबाजारात विलासचा स्टुडिओ आहे, पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनवर चालणारा. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिथे जमतो. भास्करचा उद्यमबागेत लेथचा कारखाना, मी कॉलेजच्या ऑफिसात. आणि सगळ्यांत मोठे अण्णा, हायस्कुलातले रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. त्यांच्याकडे लग्नाआधीपासूनचा फिल्म कॅमेरा आहे. तो डोळ्याला लावला की समोर कुणीही असो, अण्णा ओरडणारच, "हलू नको! फिल्म वाया जाईल!"

झालं असं की मे महिन्यात अण्णांची नात सुट्टीला आली आणि जुने अल्बम काढून बसली. पानं उलटता उलटता म्हणाली, "आज्जी सगळ्या फोटोंत कुणावर रागावलीय?"

अण्णांनी अल्बम पुन्हा पाहिला. खरंच की! बारसं असो, गोकाकचा धबधबा असो, अण्णांची बायको, म्हणजे वहिनी, सगळीकडे ताठ, ओठ मिटलेले. आणि आमच्या वहिनी म्हणजे गल्लीत सगळ्यांत मोठ्यानं हसणारी बाई. त्या हसल्या की पलीकडच्या आळीत कळतं. अण्णांना ते फार लागलं.

"तिला कॅमेऱ्याची भीती हाय रं," शनिवारी ते तोंड पाडून म्हणाले. "जवळ गेलो की हसू पळतंय. आता लांबनंच काढतो. मला लांबचं जवळ दाखवणारी टेलिफोटो लेन्स बघा. आणि तिला कुणी काय बोलायचं न्हाय."

"मोबाइलवर काढा की," विलास म्हणाला.

"ज्या कॅमेऱ्यानं तिला रागावलेली काढली, त्यानंच हसताना काढणार!"

विषय संपला.

*

अण्णांच्या कॅमेऱ्याला लेन्स बसते ती बाटलीच्या झाकणासारखी, आट्यांवर फिरवून. हल्लीच्या लेन्स खटकन अडकवायच्या असतात. त्यामुळे मिळेल ती लेन्स आमच्यासाठी बाद!

निपाणीत एक बंद पडलेला स्टुडिओ आहे असं कळलं आणि आम्ही चौघं भास्करच्या गाडीतून गेलो. मालक पार थकलेले. तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या घरच्या लग्नांचे फोटो एके काळी त्यांनीच काढलेले. त्यांनी कपाटातून चांगली लांबलचक लेन्स काढली आणि आधी तिला नमस्कार केला. "फोटो काढायचं कवाच सोडलं. पण खंडेनवमीची पूजा एकदाबी चुकवली न्हाय," म्हणाले.

आट्यांचीच लेन्स! अण्णांनी लगेच कॅमेरा पुढे ओढला. त्यांनी ती कॅमेऱ्याला लावून फिरवली. अर्धा फेरा फिरली आणि अडकली.

भास्करनं ती उलटी करून पाहिली. आट्यांत काहीतरी लाल लाल होतं. त्यानं नखानं टोकरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला, "हे कंपनीचं रेड ऑक्साइड. गंजू नये म्हणून लावत्यात. आट्यांचं माप वेगळं हाय अण्णा, आपल्याला चालणार न्हाय."

लेथवाल्या माणसापुढे आम्ही काय बोलणार?

म्हाताऱ्यांनी मात्र लेन्स परत घेतली नाही. "घेऊन जावा. तुमच्या पूजेत तरी ठेवा, भंगारात घालू नका."

*

परत येताना संकेश्वरच्या अलीकडे नाकाबंदी होती. निवडणुकीचे दिवस. मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेली लांबुळकी वस्तू बघून हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला लावली.

"एनरी इदु?" हे काय आहे, असं त्यानं कानडीत दरडावून विचारलं.

"लेन्स. लांबचं दिसतंय," अण्णा म्हणाले.

हवालदारानं हात लांब करून लेन्स डोळ्यासमोर धरली. नुसत्या लेन्समधून जग उलटं दिसतं, हे त्याला कोण सांगणार? समोर जीपपाशी त्याचे साहेब उभे होते. "अय्यो! साहेब उलटे!" असं ओरडून तो असा दचकला की लेन्स हातातून सुटायलाच आली.

"हलू नको!" अण्णा कडाडले.

हवालदार जागच्या जागी अटेन्शनमध्ये! साहेब धावत आले, सगळा प्रकार पाहिला आणि म्हणाले, "सोड रे त्यांना. मास्तर असणार."

*

मग कोल्हापुरातल्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरची जुनी लेन्स मिळाली. ती खटकन अडकवायची. भास्कर म्हणाला, "मधली रिंग मी लेथवर काढून देतो. माझ्यावर सोडा."

सोडलं. रिंग झकास झाली, लेन्स बसली, आणि आम्ही ती बघायला काकतीच्या टेकडीवर गेलो. अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला. हायवे गायब! शेतं गायब! समोर नुसतं धुकं. जवळ उभ्या असलेल्या भास्करच्या नाकावरचा तीळ मात्र लख्ख दिसत होता.

"रिंग जरा जाड झाली वाटतं. लेन्स कॅमेऱ्यापासनं लांब गेली," भास्कर पुटपुटला.

विलास म्हणाला, "अण्णा, ही लेन्स विरुद्ध पार्टीची दिसतीय. जवळ जाऊनच काढा म्हणतीया!"

आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. टेकडी उतरायच्या आधीच त्यांनी लेन्स काढून पिशवीत टाकली. खाली आल्यावर म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. आज्जी रागीट होती, असंच म्हणंल नात." त्या दिवशी मात्र मलाही वाईट वाटलं.

*

खंडेनवमी आली. वहिनींनी पाटावर विळी, कात्री, अण्णांचे ब्रश आणि कॅमेरा मांडला. निपाणीच्या म्हाताऱ्यांचा शब्द मोडू नये म्हणून अण्णांनी ती न बसणारी लेन्सही पूजेत ठेवायला दिली. तिच्या बुडाशी लाल थर बघून वहिनींनी कपाळाला हात लावला.

"शी! कुणाच्या पूजेचं कुंकू हे! जुनं काढल्याबिगर नवं कसं लावायचं?"

त्यांनी केसातली पिन काढली, तेलाचा बोळा घेतला आणि एकेक आटा कोरून काढला. हळद निघाली, कुंकू निघालं, एक अक्षतसुद्धा निघाली! म्हातारे दर खंडेनवमीला लेन्स पूजेच्या ताटात उभी करत होते, आणि वर्षानुवर्षांचा थर आट्यांत दगडासारखा बसला होता.

अण्णा अंघोळ करून आले. स्वच्छ आटे बघून त्यांनी लेन्स उचलली आणि ओल्या अंगानंच कॅमेऱ्याला लावली. फिरली, फिरली, फिरली आणि घट्ट बसली.

मला फोन आला. "बसली! बसली रं!" त्यांना रडू फुटलं होतं.

माझा जीव असा भांड्यात पडला की विचारू नका. आम्ही तिघं धावत गेलो. भास्कर कोपऱ्यात बसून मान खाली घालून खीर खात होता. तेव्हापासून आमच्यात कुणी फार ठाम बोलायला लागला की बाकीचे म्हणतात, "रेड ऑक्साइड!"

*

लेन्स कशासाठी आणली, हे वहिनींना अजूनही सांगितलं नव्हतं. पापडांचे दिवस येईपर्यंत अण्णांनी दम धरला. मग एका सकाळी आम्ही समोरच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसलो. पलीकडे आपल्या गच्चीवर वहिनी शेजारणींबरोबर पापड वाळत घालत होत्या. शेजारीण काहीतरी बोलली आणि वहिनी मान मागे टाकून खदखदून हसल्या.

अण्णांचे हात लटलटा कापायला लागले. लेन्स डुलायला लागली.

भास्कर दबक्या आवाजात ओरडला, "अण्णा, हलू नका! फिल्म वाया जाईल!"

खट्!

रोल पुण्याला धुवायला गेला. तो येईपर्यंत अण्णांना जेवण गोड लागेना. पाकीट आलं ते विलासनं फोडलं आणि फोटो अण्णांच्या हातात दिला. वहिनी हसत होत्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अण्णा स्टुलावर बसले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "आली बाई एकदाची," म्हणाले.

आम्ही सगळे फोटो घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी तो बराच वेळ निरखून पाहिला.

"झ्याक आलाय," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या लांबनं कशापायी काढलासा?"

"जवळनं काढलं की तू हसत न्हाईस."

वहिनींनी फोटो खाली ठेवला. "उभा जन्म मला 'हलू नको' म्हणत आलासा. एकदा तरी 'हस' म्हणालासा?"